काठावरचा पावसाळा

जानेवारी महिना पाणपक्षी मोजण्याचा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन तलावांच्या काठी जमतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, गढवाल, पट्टकादंब अशी नावं वहीत उतरतात. हे सगळे पाहुणे. त्यांची पिल्लं सायबेरियात, मंगोलियात, तिबेटच्या पठारावर जन्मतात. आपल्याकडे ते पोट भरायला येतात आणि मार्चमध्ये निघून जातात. ही मोजणी फार मोलाची आहे, पण तिच्यातून एक मोठी गोष्ट सुटते. हळदीकुंकू बदक, अडई, काणूक, नकटा, टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे कुठंही जात नाहीत, म्हणजे फार दूर जात नाहीत. त्यांची वीण इथंच होते आणि ती मुख्यतः पावसाळ्यात होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात तलावाच्या काठी गुडघाभर चिखल असतो, वाटा बंद असतात आणि शेतकरी डवरणी-निंदणीत बुडालेला असतो. त्या दिवसांत किती अंडी फुटली, किती पिल्लं पंखांवर आली, याची नोंद जवळपास कुणीच ठेवत नाही.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात शिकारी पक्षी आणि स्थलांतरित चिखलपायांच्या जोडीला बदकांचा गटही सर्वाधिक घट झालेल्यांमध्ये आहे. ही घट समजून घ्यायची असेल तर हिवाळ्यातल्या थव्यांइतकंच पावसाळ्यातल्या घरट्यांकडेही पाहावं लागेल. त्यासाठी वाशिम जिल्हा उत्तम. इथं ना एखादं नावाजलेलं पक्षी अभयारण्य आहे, ना रामसर यादीतली पाणथळ जागा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार २०२० साली त्या यादीत गेलं. वाशिममध्ये आहेत ती शेतं आणि शेतांच्या मधे बसलेले तलाव. महाराष्ट्रातल्या बहुतेक बदकांचं आयुष्य अशाच मुलखात जातं.

वाशिम हा उगमांचा जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा मुलूख अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर बसलाय. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते आणि पूर्णेमार्गे तापीला मिळते. अडाण, अरुणावती, पूस या दुसऱ्या बाजूला वळतात आणि पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात जातात. उगमाकडच्या नद्यांना पाणी टिकत नाही. खाली काळा पाषाण, वर कुठे भरकाडी तर कुठे खोल काळी माती, आणि वर्षाचा पाऊस ढोबळ मानाने आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. त्यामुळे निसर्गाने दिलेली मोठी दलदल किंवा सरोवर इथं नाही. जे पाणी दिसतं ते माणसाने अडवलेलं आहे. वाशिम शहराची तहान भागवणारं एकबुर्जी, सोनल आणि कारंजा भागातलं अडाण हे तीन मध्यम प्रकल्प, शंभराहून जास्त लघुप्रकल्प, १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर खोदलेले पाझर तलाव, आणि कारंज्याचा ऋषी तलाव किंवा वाशिमचं पद्मतीर्थ अशी जुनी पाणी.

म्हणजे इथल्या बदकाचं घर पाटबंधारे खात्याने बांधलंय आणि त्या घराचं अंगण शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

हळदीकुंकू बदक घ्या. विदर्भात सर्वांत सहज दिसणारं हे गावरान बदक. चोच काळी, तिच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी, डोळ्यांच्या पुढे, दोन लाल ठिपके. पाऊस लागला आणि तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे नाला येऊन मिळतो तिथे, गवत गुडघ्याला आलं की मादी जागा शोधते. घरटं पाण्यात नसतं. काठावरच्या गवतात, लव्हाळ्यात, कधी पाण्यापासून बरंच लांब एखाद्या धुऱ्यावर ती जमीन खोलगट करते, गवत अंथरते आणि स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून आत लावते. रोज एक याप्रमाणे सात ते नऊ, कधी बारापर्यंत अंडी. शेवटचं अंडं पडल्यावर ती उबवायला बसते आणि चोवीसेक दिवस बसून राहते. पिल्लं बाहेर आली की अंग सुकताच आईमागे चालत पाण्याकडे निघतात. पुढचे सात-आठ आठवडे त्यांना उडता येत नाही.

हे दिवस एकत्र मोजून पाहा. अंडी घालायला आठ-नऊ दिवस, उबवायला चोवीस, पंख यायला पन्नासच्या वर. एकूण जवळजवळ तीन महिने होतात. आता सोयाबीन बघा. मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरणी, पंचाण्णव ते एकशे पाच दिवसांत पीक तयार, सप्टेंबरअखेर ते दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी. बदकाचा हंगाम आणि सोयाबीनचा हंगाम जवळजवळ दिवसाला दिवस जुळतो. ज्या दिवसांत मादी अंड्यांवर बसलेली असते त्याच दिवसांत डवरणी चालते, तणनाशक पडतं आणि पहिली फवारणी होते. पिल्लं चिमुकली असतात तेव्हा दुसरी फवारणी होते. पाऊस लांबला आणि वीण उशिरा सुरू झाली, तर पिल्लं अजून उडायच्या आधीच सोंगणी-मळणी होऊन हरभऱ्यासाठी तलावावर मोटारी बसतात आणि पाणी झपाट्याने काठ सोडून आत सरकू लागतं.

वाशिम जिल्ह्यात खरिपाखाली सुमारे चार लाख हेक्टर जमीन येते. त्यातली तीन लाखांच्या घरातली जमीन एकट्या सोयाबीनची. पूर्वी ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद असं मिश्र रान होतं. ज्वारीचं वावर उंच, तिच्या धुऱ्यावर गवत राखलेलं, कारण घरी बैल होते आणि बैलांना चारा लागायचा. ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि गवत राखण्याचं कारणही गेलं. आता धुरा म्हणजे वाया जाणारी जमीन. दर दोन-तीन वर्षांनी नांगराचा फाळ आणखी हातभर आत सरकतो. तलावाच्या काठी तर हे फार लवकर घडतं, कारण संपादित जमिनीची हद्द दाखवणारे दगड कधीच मातीत गेलेले असतात.

काठावर मासेमारी करणाऱ्या एका वयस्क भोई बांधवाशी याच विषयावर बोलणं चाललं होतं. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या लहानपणी ह्या तलावाच्या काठानं इतकं गवत राहे का ढोर आत गेलं तं दिसे नाही. आता सोयाबीनचं तास सरलं का लगेच पाणी लागते. बदकानं बसावं कुठी?"

त्यांच्या या प्रश्नातच सगळी गोम आहे. बदक म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, आणि पाणी वाढलं की बदकं वाढतील असं आपण धरून चालतो. वाशिममध्ये गेल्या पन्नास वर्षांत अडवलेलं पाणी कितीतरी वाढलं. पण वीण पाण्यावर होत नाही, काठावर होते. आणि काठ म्हणजे अर्धं पाणी नि अर्धं शेत. तलाव तुडुंब भरलेला असूनही बदकाच्या दृष्टीने तो ओसाड असू शकतो.

काठ आक्रसला की घरट्यांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. रुंद गवताळ पट्ट्यात मुंगूस, कोल्हा, घोरपड, भटका कुत्रा यांना घरटं शोधायला चहूकडे भटकावं लागतं आणि बरीच घरटी सुटतात. तोच पट्टा चार-पाच हात रुंदीचा उरला, तर कुत्र्याला एका रेषेत नाक लावून चालत गेलं की झालं. त्यामुळे अर्धा काठ गेला म्हणजे अर्धी घरटी गेली असा सरळ हिशेब बसत नाही. उरलेल्या अर्ध्यातलीही बरीच जातात. गावाजवळच्या तलावांवर तर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्याच असतात. घरटं गेलेल्या मादीला त्यावर एकच उपाय ठाऊक आहे: पुन्हा अंडी घालायची. पावसाळा चार महिन्यांचा आहे, त्यामुळे असा दुसरा प्रयत्न एखाद्या वेळी साधतो, तिसरा क्वचितच.

टिबुकलीची तऱ्हा वेगळी. ओंजळीत मावेल एवढा हा पक्षी पाण्यावरच तरंगतं घरटं करतो. सडलेली पाणवनस्पती, शेवाळ, पाणकणसाची पानं यांचा ओलाकच्च ढीग, एखाद्या काडीला कसाबसा अडकवलेला. अंडी घातली तेव्हा पांढरी असतात. आठवड्याभरात ओल्या पानांचे डाग लागून तपकिरी होतात. कुणाची चाहूल लागली की ती चोचीने भराभर ओली पानं ओढून अंडी झाकते आणि पाण्यात बुडी मारते. वर उरतो तो कुजक्या पानांचा एक ढीग, ज्याकडे कावळाही दुसऱ्यांदा बघत नाही. या घरट्याला कुत्र्याचं भय कमी. त्याचा वैरी म्हणजे पाण्याची चढउतार. एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाला भरून आला आणि सगळा लोंढा सरळ तलावात शिरला की काडी निसटते. पूर्वी वरच्या रानातलं गवत, पडीक, बांध या पाण्याला थोपवत, तलाव चार-सहा दिवसांत हळूहळू चढायचा. आता उताराला मोकळी सोयाबीनची रानं आणि खोल, सरळ खोदलेले नाले आहेत. तेच पाणी काही तासांत येतं आणि गाळही घेऊन येतं.

कमळपक्ष्याचं घरटंही तरंगतंच, कमळाच्या किंवा शिंगाड्याच्या पानांवर. त्यात अंड्यांवर नर बसतो. मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. एका पावसाळ्यात ती अनेक नरांना अशी अंडी सोपवते. ही व्यवस्था चालायला तलावात कमळ आणि शिंगाडा पाहिजे. जिथे पाणी नुसतं खोल आणि उघडं, तिथे कमळपक्षी दिसतच नाही.

आता पोटाचं बघू. मोठं बदक बी, कोवळी पानं, कंद, शिंपले असं सगळं खातं. पण नुकतं जन्मलेलं पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे किड्यांवर वाढतं. पाण्यातल्या अळ्या, डासांची पिल्लावळ, पाणकिडे, गोगलगाई. पिसं उगवायला आणि हाडं भरायला लागणारी प्रथिनं बियांतून पुरेशी मिळत नाहीत. आणि हे किडे सापडतात ते उथळ, तण असलेल्या, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात. हळदीकुंकू बदक खोल बुडी मारत नाही. ते शेपूट आकाशाकडे करून डोकं पाण्यात घालतं, आणि मान-चोच मिळून जेवढी पोहोचते तेवढंच त्याचं शेत. ती खोली हातभर, फार तर थोडी जास्त. त्याखाली कितीही अन्न असलं तरी ते त्याच्या उपयोगाचं नाही.

या उथळ पाण्याला शेत थेट लागून असतं, म्हणून फवारणीचा प्रश्न येतो. सोयाबीनवर खोडमाशी, चक्रीभुंगा, पानं खाणाऱ्या अळ्या येतात. बियाण्याला थायमेथॉक्झामसारखं कीटकनाशक चोळून पेरणी होते, वरून एक-दोन किंवा जास्त फवारण्या. ही रसायनं पाण्यात विरघळतात आणि पावसाबरोबर वाहत तलावात येतात. त्याने बदक मरून पडलेलं दिसत नाही. मरतात त्या अळ्या, म्हणजे पिल्लांचं अन्न. जपानमधल्या शिंजी सरोवराभोवती भातशेती आहे. तिथे १९९३ पासून निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं वापरात आली आणि त्यानंतर सरोवरातले सूक्ष्म प्राणी कोसळले; त्यांच्यावर जगणाऱ्या वाकासागी नावाच्या माशाची वर्षाची पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. 'सायन्स' नियतकालिकात २०१९ साली हा अभ्यास छापून आला. थायमेथॉक्झाम याच गटातलं आहे. वाशिमच्या तलावांत काय घडतंय हे कळायचं तर ऑगस्टमध्ये पाण्याचे आणि पाणकिड्यांचे नमुने घ्यावे लागतील. आणि हा प्रश्न काही पक्ष्यांपुरता नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवरच्या पंपाचा पहिला धोका पंप वाहणाऱ्या माणसाला आहे. त्याच्या हातून कमी औषध फवारलं जावं, ही मागणी आधी त्याच्यासाठीच केली पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत मात्र एक रूढ समज बाजूला ठेवायला हवा. उन्हाळ्यात तलाव आटला की आपण हळहळतो. वाशिमचे बहुतेक लघुतलाव आणि पाझर तलाव मे महिन्यात तळाला जातात. माणसांना आणि गुरांना तो काळ वाईट, यात शंका नाही. पण बदकांच्या विणीसाठी तळ अधूनमधून उन्हाने तापणं चांगलं असतं. भेगाळलेल्या मातीत हवा जाते, कुजलेला पाला सुटा होतो, अडकलेली खतं मोकळी होतात, चिखलातलं बी रुजायला तयार होतं. मग जूनचं पहिलं पाणी चढलं की वनस्पती आणि किडे एकदम उसळतात. बारा महिने एकाच पातळीला तुंबून राहिलेल्या पाण्यापेक्षा आटून भरलेला तलाव पिल्लांना जास्त खाऊ घालतो. जगभर पाणथळ जागा सांभाळणारे लोक मुद्दाम पाणी सोडून तळ उघडा करतात ते याचसाठी. वाशिममध्ये हे काम ऊन फुकट करून देतं.

म्हणून खरा प्रश्न पाणी किती दिवस टिकतं यापेक्षा तळाला आपण कोणता आकार देतो हा आहे. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. कल्पना उत्तम. तलावातला गाळ निघतो, साठा वाढतो, गाळ पडलेल्या बरड जमिनीत पीक जोमदार येतं. मी स्वतः या योजनेच्या बाजूचा आहे. पण जेसीबी कुठे लावायचा हे ठरवताना सोय बघितली जाते. ट्रॅक्टरला जवळची वाट आणि जास्त गाळ म्हणजे वरचं अंग, नाल्याचं तोंड. उथळ, गवताळ, किड्यांनी भरलेला तोच भाग. तिथे उभा कडा काढून आठ-दहा फूट खोल खड्डा केला की पावसाळ्यात पाणी छान दिसतं, आणि पाणकणीस, लव्हाळा, देवधान उगवायला जागाच राहत नाही. जो गाळ भिंतीजवळ, खोल भागात आहे तो काढला तर साठाही वाढतो आणि उथळ काठही शाबूत राहतो.

शेततळ्यांचंही तसंच. 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर शेतोशेती चौकोनी तळी झाली. कोरडवाहू शेतकऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण प्लास्टिक अंथरलेल्या, उभ्या बाजूंच्या तळ्यात ना गवत ना चिखल. आईमागे आत उतरलेल्या पिल्लांना निसरड्या प्लास्टिकवरून वर येता येत नाही. एखादी जाड दोरी, काथ्याची जाळी किंवा पोत्यांचा पट्टा एका कोपऱ्यातून पाण्यापर्यंत सोडला तर पिल्लांप्रमाणेच पाय घसरून पडलेली वासरं आणि माणसंही वाचू शकतात.

उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या तलावाच्या तळावर आणि नदीच्या पात्रात काही वेगळे पक्षी अंडी घालतात. टिटवी, शेकाट्या, नदी सुरय. मार्च ते मे हा त्यांचा काळ, शेकाट्याचा पुढे पावसाळ्यापर्यंत लांबतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चिखलातल्या उंचवट्यावर बारीक खडे, काड्या, शिंपल्यांचे तुकडे रचतो आणि त्यावर चार अंडी घालतो. अवकाळी पाऊस होऊन पाणी चढू लागलं की नर-मादी दोघं खडे आणून अंड्यांच्या खाली सारत घरटं उंच करतात. पाण्याशी झुंजायची त्याची ही तयारी आहे. रोटाव्हेटरपुढे तिचा काही उपयोग नाही. बुडीत क्षेत्रातल्या जमिनी गाळपेरीसाठी दिल्या जातात, आणि टरबूज, भुईमूग, मूग घेण्यासाठी नेमक्या याच दिवसांत तिथे मशागत होते. नदी सुरयला नदीतली वाळूची बेटं लागतात. पैनगंगेवर वाशिम जिल्ह्यात बॅरेजेसची मालिका झाली, वाळूउपसाही आहे. बेटं बुडाली किंवा ट्रकातून गेली. नदी सुरय आज जागतिक पातळीवर असुरक्षित पक्ष्यांमध्ये मोडतो.

आणि झाडं. अडई, काणूक, नकटा ही तिन्ही झाडांच्या ढोलीत अंडी घालणारी बदकं. काणूकाची एका दिवसाची पिल्लं ढोलीतून खाली उडी टाकतात आणि चालू लागतात. त्यासाठी पाण्याजवळ जुना आंबा, मोह, अर्जुन किंवा चिंच हवी, पोकळ झालेली, लाकूड म्हणून कुचकामी वाटणारी. असं झाड रस्तारुंदीत किंवा वीटभट्टीसाठी सर्वांत आधी जातं. त्याच्या जागी लावलेल्या रोपाला ढोली पडायला दोन पिढ्या जाव्या लागतात.

शेती आणि बदकं यांचं हे नातं जगात सर्वांत बारकाईने अभ्यासलं गेलंय ते अमेरिका आणि कॅनडाच्या गवताळ प्रदेशात. हिमनद्या वितळल्यानंतर तिथल्या जमिनीत लाखो लहान खळगे राहिले. वसंतात त्यांत पाणी साठतं आणि उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदकं तिथे जन्मतात. शेतकऱ्यांनी चर काढून खळगे कोरडे केले, गवत नांगरून गहू पेरला. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात बदकं इतकी घटली की शिकारी लोकच संवर्धनाला पुढे आले. १९५५ पासून तिथे दर वर्षी मे महिन्यात विमानातून बदकं मोजतात, आणि त्या गवताळ पट्ट्यात पाणी असलेले खळगेही मोजतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोजणी विणीच्या हंगामात होते, आणि पक्ष्याबरोबर त्याच्या घराचीही होते. त्यातूनच कळलं की पाण्याचं वर्ष चांगलं असूनही भोवती गवत नसेल तर पिल्लं वाढत नाहीत. तिथल्या हिशेबाने संख्या टिकायला शंभरातली पंधरा-वीस घरटी तरी यशस्वी व्हावी लागतात. १९८५ च्या शेती कायद्याने शेतकऱ्यांना कमकस जमीन दहा वर्षं गवताखाली ठेवण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या दशकात पाऊस चांगला झाला तेव्हा त्या गवतात घरटी जास्त वाचली, बदकं वाढली. फक्त तलवार बदक मागे राहिलं. ते गेल्या वर्षीच्या पिकाच्या धसकटांत लवकर अंडी घालतं आणि पेरणीपूर्व मशागतीत ती अंडी जातात. हिवाळ्यात आपल्याकडे येतं तेच हे तलवार बदक, फक्त आपल्याकडचं सायबेरियातून येतं.

आपल्याकडे कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. वाशिमसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ असा की जवळपास सगळंच पाणी त्या नियमांबाहेर राहतं. इथल्या बदकांसाठी दिल्ली-मुंबईहून काही येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. जे होईल ते ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि काठाचा शेतकरी यांच्याकडूनच होईल.

ते होऊ शकतं याचा पुरावा विदर्भातच, पूर्वेच्या टोकाला आहे. गोंदिया-भंडाऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आहेत आणि भाताच्या बांध्यांत सारस घरटं करतो. गोंदियात 'सेवा' संस्थेने ज्यांच्या शेतात घरटं आहे त्या शेतकऱ्यांनाच सारसाचे राखणदार केलं. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्याहून वाशिमला जवळचं वाटावं असं काम अर्जुनी-मोरगाव भागात झालं. तिथल्या ढीवर मच्छीमारांच्या तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली होती, स्थानिक पाणवनस्पती गेल्या होत्या, मासळी घटली होती. पतिराम तुमसरे, शालू कोल्हे आणि मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने लोकांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि जुन्या जाणत्यांना विचारून तिथल्या मूळ पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ढीवरांच्या घरात मासळीचं उत्पन्न परत आलं आणि पाठोपाठ पक्षीही आले. बदकांसाठी म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही.

वाशिममध्ये भाताच्या बांध्या नाहीत, बहुतेक तलावांना शतकांची परंपरा नाही. पण भोई समाजाच्या मच्छीमार संस्था आहेत, बेशरम आहे, उन्हाळ्यात कोरडा पडणारा तळ आहे. पाणवनस्पती लावण्याचा खर्च गाळ काढण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. काठाचा शेतकरी शेवटची चार तासं पेरत नसेल, तर त्याचं नुकसान भरून देणं हेही जिल्ह्याच्या हिशेबात फार मोठं नाही. कारण ती चार तासं ऑगस्टमध्ये पाणी चढलं की बहुधा पिवळी पडून बुडतातच. तिथे पवन्या किंवा मारवेल गवत लावून चारा घेता येतो, फक्त कापणी दसऱ्यानंतर करायची. पाण्यापासून पंधरा-वीस फूट फवारणीचा पंप बंद ठेवायचा. गाळपेर देताना नाल्याच्या तोंडाचा तुकडा वगळायचा.

यातले बहुतेक निर्णय मार्च-एप्रिलमध्ये होतात, अंदाजपत्रक तयार होतं आणि जेसीबी कुठून उतरवायचा ते ठरतं तेव्हा. त्या दिवशी अभियंत्याबरोबर तलावावर मच्छीमार संस्थेचा माणूस आणि काठाचा शेतकरी असायला हवा, आणि कुठे खोदायचं नाही याची खूण चुन्याने आधी पडायला हवी. मोजणीही त्याच गावाने करायची, ऑगस्टच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला: किती माद्या पिल्लांसह दिसल्या, प्रत्येकीमागे किती पिल्लं, काठाला गवताचा पट्टा किती हात रुंद. तिसरा आकडा पहिल्या दोन आकड्यांइतकाच काळजीने लिहायचा.